घसा दुखतोय म्हणणाऱ्या पोराच्या घशात आधी टॉर्च मारून बघा: आरोग्य विभागाला आणि डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
तसंच खेड्यापाड्यातले सगळे डॉक्टर आणि सगळे मेडिकलवाले

विषय: शाळकरी मुलांचे टॉन्सिल, घशाचं इन्फेक्शन आणि त्यातून हृदयापर्यंत जाणारा आजार

सप्रेम नमस्कार,

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण पावसाळा सरत आला की आणि मग परत थंडीत, वर्गातली पोरं घसा धरून बसलेली असतात, कुणाला ताप, कुणाला गिळवत नाही म्हणून खिचडीचं ताट तसंच पुढ्यात, आणि ही पोरं नंतर कुठल्या दवाखान्यात जातात, काय औषध घेतात, किती दिवसांनी परत येतात आणि परत आल्यावर कशी असतात हे आम्हा शिक्षकांना जेवढं जवळून दिसतं तेवढं ऑफिसात बसून दिसत नसणार. म्हणून लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. 5 ते 15 वर्षांच्या मुलाचा घसा दुखतोय म्हटल्यावर सगळ्यांना एकच गोळी देऊन वाटेला लावू नका. त्यातल्या बहुतेकांना अँटिबायोटिक लागतच नाही, तरी आपण देतो. आणि ज्या थोड्या मुलांना खरंच लागतं त्यांना चुकीचं नाहीतर अर्धवट देतो. आणि या दुसऱ्या गटातल्या काही पोरांचं हृदय कायमचं खराब होतं. हे टाळता येतं, औषध जुनं आहे, स्वस्त आहे, तरी होतंय, याचा मला मनापासून त्रास होतो.

आता पालकही हे वाचतील म्हणून थोडं मुळापासून सांगते. टॉन्सिल हा काही आजार नाहीये. "माझ्या पोराला टॉन्सिल झालेत" असं आपण बोलतो पण टॉन्सिल प्रत्येकालाच असतात, आ केला की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन गाठी दिसतात त्या. तोंडा-नाकावाटे जे जंतू आत येतात त्यांची शरीराला पहिली ओळख तिथे होते, ते आपल्या प्रतिकारशक्तीचं तपासणी नाकं आहे. साधारण चार ते सात-आठ वर्षांच्या वयात ते सगळ्यात मोठे असतात कारण त्या वयात पोरगं रोज नवीन जंतूला भेटत असतं, आणि वयात येता येता ते आपोआप लहान होतात. त्यामुळे नुसते मोठे दिसतात म्हणून घाबरायचं कारण नाही आणि नुसते मोठे दिसतात म्हणून औषध पण द्यायचं नाही. ते लाल होऊन सुजले, दुखायला लागले, ताप आला, की त्याला टॉन्सिलायटिस म्हणायचं.

आणि ही सूज बहुतेक वेळा व्हायरसमुळे येते. सर्दीचे व्हायरस, फ्लू, अ‍ॅडेनोव्हायरस, कोरोना, असे कितीतरी. यात नाक गळतं, खोकला असतो, आवाज बसतो, कधी डोळे लाल होतात, आणि चार-पाच दिवसात, फार तर आठवड्यात, पोरगं आपोआप बरं होतं. यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. गारीगार खाल्लं, चिंचा-बोरं खाल्ली म्हणून घसा धरला असं आपण घरोघरी म्हणतो आणि पोरांना मार पण देतो, पण इन्फेक्शन गारीगारने होत नाही, शेजारच्या पोराच्या खोकल्यातून, एकमेकांच्या उष्ट्या बाटलीतून होतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, आणि मूल वर्षाच्या पुढचं असेल तर मध, एवढ्यात काम भागतं. हळद-दूध द्या, ज्येष्ठमध चघळायला द्या, आराम वाटतो, त्याला कुणाची ना नाही. फक्त अंगठ्याला हळद-मीठ लावून घशात घालून टॉन्सिल दाबायचा जो प्रकार अजून काही गावात चालतो तो कृपा करून बंद करा. सुजलेल्या जागेला इजा होते, रक्त येतं, आणि पोरगं परत कुणापुढे तोंड उघडायला तयार होत नाही, मग डॉक्टरला तपासायचं म्हटलं तरी हातापाया पडावं लागतं.

तर बहुतेक घसे असे. पण मुलांमध्ये साधारण पाचातला एक, कधी चारातला एक दुखरा घसा असतो स्ट्रेप्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियाचा, त्यातही ग्रुप ए वाला. मोठ्या माणसात हे प्रमाण बरंच कमी आहे, तीन वर्षांच्या आतल्या बाळातही कमी, मधल्या वयाच्या म्हणजे नेमक्या शाळेतल्या पोरांना हा जास्त धरतो. याचं वागणं जरा वेगळं असतं. अचानक सुरू होतं, सकाळी खेळणारं पोरगं संध्याकाळी तापाने फणफणलेलं, गिळताना तोंड वेडंवाकडं करतं, कधी पोटात दुखतं, उलटी होते, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके किंवा पू, टाळूवर बारीक लाल ठिपके, जबड्याखाली मानेत पुढच्या बाजूला गाठी येतात आणि त्या दाबल्या की दुखतात. आणि खोकला नसतो, नाक गळत नाही. ही खोकला नसण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. 1981 साली सेंटर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी याच चार गोष्टींवरून मार्क द्यायची पद्धत काढली, ताप, टॉन्सिलवर पू, मानेत दुखऱ्या गाठी, खोकला नसणं, आणि पुढे त्यात वयाचाही विचार घातला गेला. डॉक्टर साहेब, तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही, तुम्ही शिकूनच आलात. पण तुमच्या ओपीडीत आमची पोरं येऊन जातात तेव्हा किती जणांच्या घशात टॉर्च मारला जातो, किती जणांची मान चाचपली जाते, हे एकदा आठवून बघा. मी पोरांना विचारते, डॉक्टरांनी काय केलं, तर बरीचशी म्हणतात छातीला मशीन लावलं आणि सुई दिली.

मग काय मिळतं तर पुडी. तीन-चार रंगाच्या गोळ्या कागदात बांधून, नाव नाही गाव नाही. नाहीतर थेट मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप, चिठ्ठी लागत नाही, "घसा आहे, द्या काहीतरी" म्हटलं की मिळते. मेडिकलवाल्या दादांनो, तुमचा धंदा आहे, माणूस दारात आलेला असतो, दवाखान्याची फी वाचवायला आलेला असतो हे मला कळतं. पण त्या स्ट्रिपवर मागे जी उभी लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही म्हणूनच असते, केंद्र सरकारने 2016 मध्ये त्याची मोहीमच काढली होती. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनचं सांगायचं तर हा स्ट्रेप जंतू त्या जातीच्या औषधांना बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झालाय, पेनिसिलिनला मात्र इतकी वर्षं वापरूनही तो अजून निर्ढावलेला नाही. म्हणजे जे औषध शंभर टक्के लागू पडतं ते कपाटात नाही आणि जे पडेल न पडेल ते चणे-फुटाण्यासारखं वाटलं जातंय. ज्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्याला पर्याय लागतो हे मान्य, पण सगळ्या गावाला अ‍ॅलर्जी नाहीये ना.

स्ट्रेपला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण 10 दिवस द्यावं लागतं. इथेच आमची गाडी अडते. कारण पोरगं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं होतं, खेळायला लागतं, मग आई म्हणते आता कशाला, उरलेलं औषध फ्रीजवर ठेवून देते पुढच्या वेळेला. खरं सांगायचं तर औषध न घेताही स्ट्रेपचा ताप तीन-चार-पाच दिवसात उतरतो, फसवणूक आहे ती इथे. घसा बरा होण्यासाठी हे 10 दिवस नसतातच मुळी, ते त्यानंतर जे येऊ शकतं ते अडवण्यासाठी असतात. आणि घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांच्या आत जरी योग्य औषध सुरू झालं तरी ते अडवता येतं, म्हणजे वेळ पण भरपूर मिळतो, रात्री-अपरात्री पळापळ करायची गरज नाही.

येतं काय, तर ऱ्हुमॅटिक फिव्हर. संधिवाताचा ताप म्हणतात काही जण. जंतू मारायला शरीर जी हत्यारं तयार करतं त्यांना त्या जंतूचा वरचा भाग आणि आपल्याच हृदयाचा, सांध्यांचा, मेंदूचा काही भाग सारखाच वाटतो, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी, घशाचं सगळे विसरले असताना, शरीर स्वतःवरच उलटतं. सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होतं. पण ज्यांना होतं त्यांचं काय होतं ते मी बघितलंय.

आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावर सुविचार लिहायचं काम तिचंच. तिला आधी गुडघा दुखायला लागला, सुजला, तो बरा होतो न होतो तोच घोटा, मग मनगट. घरच्यांना वाटलं खेळताना लागलं असेल, दवाखान्यात सांगितलं वाढीचं वय आहे, कॅल्शियम कमी आहे, दुखण्याची सुई दिली आणि दुखणं पळालं. दुखणं पळालं म्हणून कुणी पुढे बघितलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी तिचं अक्षर बिघडलं. ओळ सोडून शब्द वर-खाली जायला लागले, पेन हातातून निसटायचा, ताट उचललं की वरण सांडायचं, तोंडाचे चित्रविचित्र हावभाव व्हायचे, आणि स्वभाव एकदम रडका झाला. वर्गातली पोरं चिडवायची, घरी म्हणायचे नखरे करतेय, कुणीतरी बाहेरचं बघायला पण सांगितलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला हात पुढे करून माझी बोटं घट्ट दाबून धर म्हटलं, तर तिची मूठ घट्ट-सैल घट्ट-सैल होत राहिली, जीभ बाहेर काढून ठेव म्हटलं तर जीभ आत-बाहेर, आणि त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की याला कोरिया म्हणतात, हा त्याच घशाच्या जंतूचा मेंदूवरचा परिणाम आहे, याने अक्षर बिघडणं हे ठरलेलं लक्षण आहे. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप गळत होती.

कोरिया जातो. त्या मुलीचाही गेला, अक्षर परत बरं झालं. सांधेही बरे होतात. झडप मात्र होत नाही. एकोणिसाव्या शतकात लासेग नावाचे फ्रेंच डॉक्टर लिहून गेलेत की हा आजार सांधे चाटतो पण हृदयाला चावतो, आणि परत परत घसा बिघडला की परत परत चावतो. मग वीस-पंचविसाव्या वर्षी दम लागायला लागतो, पोरींचा तर बाळंतपणात जीव धोक्यात येतो, झडप बदलायची वेळ येते. महात्मा फुले योजनेत झडपेचं ऑपरेशन होतं, चांगलं आहे, सरकारचे आभार. पण लाखांचं ऑपरेशन मोफत करून देणारं सरकार काही रुपयांचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात ठेवत नाही हे मला समजून घ्यायचंय.

हे इंजेक्शन म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. वजनाप्रमाणे 6 लाख किंवा 12 लाख युनिट. घसा स्ट्रेपचा असेल तर याचं एकच इंजेक्शन 10 दिवसांच्या गोळ्यांचं काम करतं, म्हणजे ज्या घरात 10 दिवस औषध पाजणं होणार नाही त्यांच्यासाठी तर देवासारखं आहे. आणि ज्यांना एकदा ऱ्हुमॅटिक फिव्हर होऊन गेलाय त्यांना हेच दर 21 दिवसांनी, काही ठिकाणी 28 दिवसांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, हृदयाला धक्का लागला नसेल तर निदान 5 वर्षं किंवा 21 वय होईपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोपर्यंत, लागला असेल तर आणखी जास्त, काहींना चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. कारण नवीन स्ट्रेप घशात शिरला आणि कळलाच नाही तर झडप आणखी खराब होणार. आणि खूप मुलांना आधी घसा दुखल्याचं आठवतही नाही, म्हणून तर हे घड्याळ लावून घ्यायचं इंजेक्शन सगळ्यात महत्त्वाचं.

आता आमच्या भागाचं बघा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायकोची जोडी कोयत्यावर जाते आणि सोबत लेकरं जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर, पुणे, सातारा, कुणी थेट कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडाच्या कडेला कोप म्हणजे झोपडी करून राहायचं, एवढ्याशा कोपीत पाच-सहा माणसं एकमेकांच्या श्वासात झोपतात. आणि हा जंतू गर्दीतच पसरतो, एका अंथरुणावर तिघं-चौघं झोपतात तिथे पसरतो, जगभर हा आजार गरिबाच्या आणि दाटीवाटीच्या घरातच उरलाय, श्रीमंत देशातून तो जवळपास गेला. म्हणजे जिथे जंतू सगळ्यात जास्त तिथे लेकरू नेमकं सहा महिने जातं, आणि जिथे त्याचं इंजेक्शनचं कार्ड आहे तो दवाखाना मागे राहतो. त्या मुलीचंही तेच झालं. नवीन ठिकाणच्या दवाखान्यात चिठ्ठी दाखवली तर इंजेक्शन नाही म्हणाले, दुसरीकडे होतं तर रिअ‍ॅक्शनच्या भीतीने द्यायला नको म्हणाले. तिच्या आईने मुकादमाच्या फोनवरून मला फोन केला की बाई इथं कुणी सुई देईना. त्या माऊलीला लिहिता-वाचता येत नाही, पण 21 दिवस तिने दोरीला गाठी मारून मोजले होते.

भीती समजते मला. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते, आणि काही झालं तर लोक दवाखाना फोडतात, हे आपल्याकडे घडतंच. पण अशी गंभीर रिअ‍ॅक्शन फार क्वचित येते, आणि तिच्यावर अ‍ॅड्रेनलिन आहे, ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच पाहिजे, लसीकरणाच्या सत्राला असतंच की. टेस्ट डोस, अर्धा तास बसवून ठेवणं, ज्याची झडप फारच खराब आहे त्याच्या बाबतीत हृदयाच्या डॉक्टरांना विचारून मग गोळ्यांवर ठेवायचं का ते ठरवणं, हे सगळं शिकवता येतं. विभागाने लेखी सूचना काढली आणि डॉक्टरच्या पाठीशी उभं राहिलं तर डॉक्टर देतील. आज प्रत्येक डॉक्टर एकट्याच्या हिमतीवर निर्णय घेतोय म्हणून नाही म्हणतोय.

यात नवीन काही नाहीये. 1940 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत वायोमिंगच्या हवाई दलाच्या तळावर घसा आलेल्या सैनिकांना पेनिसिलिन दिलं आणि न दिलेल्यांशी तुलना केली, तेव्हाच सिद्ध झालं की वेळेत पेनिसिलिन दिलं तर ऱ्हुमॅटिक फिव्हर अडतो. क्युबासारख्या गरीब देशात पिनार देल रिओ प्रांतात 1986 ते 1996 अशी दहा वर्षं त्यांनी हेच काम केलं, डॉक्टर-नर्स-शिक्षक-पालक सगळ्यांना घशाचं शिकवलं, रुग्णांची यादी ठेवली, इंजेक्शन चुकू दिलं नाही, आणि आजार खूप खाली आणला. न्यूझीलंडमध्ये माओरी म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांच्या मुलांना हा आजार जास्त होतो म्हणून 2011 पासून सरकारने कार्यक्रम घेतला, शाळेतच घशाचा स्वॅब घ्यायला सुरुवात झाली. घसा दुखतोय म्हणून हात वर केला की झालं. आणि 2018 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेत सगळ्या देशांनी मिळून या आजारावर ठराव केलाय, त्यात आपला देश आहे, आणि जगातले सगळ्यात जास्त रुग्ण पण आपल्याच देशात आहेत.

आपल्याकडेही व्यवस्था आहे की! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. त्याची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते, दोन डॉक्टर असतात, नर्स असते. त्यांच्या 30 आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग छापलेला आहे. म्हणजे झडप खराब झाल्यावर शोधायचं हे ठरलंय. पण तिथपर्यंत जाऊच नये म्हणून घशाचं काय? वर्षातून एकदा आलेल्या गाडीला त्या दिवशी दुखणारा घसा सापडणार कसा? आलेले डॉक्टर चांगले असतात, मनापासून तपासतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण शे-दीडशे पोरं एका दिवसात आणि आवाजाने भरलेल्या वर्गात स्टेथोस्कोपने झडपेचा आवाज ऐकायचा, कसं होणार ते.

म्हणून मागण्या करते, आणि या मोठ्या नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात बेंझाथिन पेनिसिलिन बारा महिने पाहिजे, त्याच्या शेजारी अ‍ॅड्रेनलिन पाहिजे, आणि द्यायला घाबरणार नाही असा शिकलेला माणूस पाहिजे. निदान तालुक्याच्या ठिकाणी घशाची झटपट टेस्ट, पाच-दहा मिनिटात स्ट्रेप आहे की नाही सांगणारी, उपलब्ध करा, कल्चरचा, म्हणजे घशातला नमुना लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागतात आणि रोजंदारीवरचा बाप दुसऱ्यांदा येत नाही. या टेस्टचा दुसरा फायदा असा की निगेटिव्ह आली तर अँटिबायोटिक द्यायचं नाही हे डॉक्टर ठामपणे सांगू शकतो, पेशंटलाही पटतं. आणि एएसओ नावाची रक्ताची तपासणी घशाच्या निदानासाठी करू नका, ती फक्त मागे कधीतरी हा जंतू येऊन गेला एवढं सांगते, तिचा आकडा जास्त आला म्हणून चांगल्या पोरांना वर्षभर सुया टोचल्याची उदाहरणं मी ऐकलीत. शिक्षकांना आणि आशाताईंना एक दिवसाचं ट्रेनिंग द्या, ठिपके कसे दिसतात, गाठ कुठे लागते, फिरते सांधे, बिघडलेलं अक्षर, हे फोटो आणि व्हिडिओ दाखवून. आश्रमशाळांमध्ये हे सगळ्यात आधी करा, एका हॉलमध्ये किती पोरं झोपतात ते तुम्हाला माहीत आहे.

दोन गोष्टी आणखी, कारण घसा म्हटलं की नुसता स्ट्रेप नाही. एक घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया. लोकांना वाटतं तो गेला, तो गेलेला नाही, आपल्या देशात अजून दरवर्षी रुग्ण सापडतात. टॉन्सिलवर राखाडी पापुद्रा, काढायला गेलं की रक्त, मान बैलासारखी सुजलेली, तिथे अँटिबायोटिक एकटं पुरत नाही, त्या जंतूचं विष मारणारं अँटिटॉक्सिन लागतं आणि तेही तातडीने. लहानपणी सगळ्या लसी होतात पण 5-6 वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि 10 आणि 16 व्या वर्षाची टीडी, घटसर्पापासून वाचवणाऱ्या या लसी बऱ्याच पोरांच्या राहतात, परत तेच, हंगामात गाव सोडलेलं असतं. दुसरी गोष्ट, टॉन्सिलच्या मागे पू साठणं. एकाच बाजूला जोरात दुखतं, तोंड उघडत नाही, बोलताना तोंडात गरम घास असल्यासारखा आवाज येतो, पडजीभ एका बाजूला ढकललेली, लाळ गळते. असं पोरगं दिसलं, किंवा श्वास घेताना घरघर आवाज येत असेल, तर गोळी-बिळी काही नाही, थेट मोठ्या दवाखान्यात. आणि घसा बरा झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी तोंडावर सूज आणि लघवी चहासारखी लाल-काळी झाली तर किडनीला सूज आलेली असू शकते, तीही याच जंतूची करामत.

टॉन्सिल काढून टाकू का, हे पालक हमखास विचारतात. वर्षात सात किंवा जास्त वेळा, नाहीतर सलग दोन वर्षं दर वर्षी पाच, नाहीतर तीन वर्षं दर वर्षी तीन, इतक्या वेळा खरोखर टॉन्सिलायटिस झाला असेल आणि तसं कागदावर नोंदलेलं असेल तर ऑपरेशनचा विचार करतात. किंवा झोपेत घोरून घोरून श्वास अडकत असेल तर. दोनदा घसा आला म्हणून ऑपरेशन सांगणारा भेटला तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पण हे "इतक्या वेळा" मोजायला केसपेपर जपून ठेवावे लागतात, आणि आमच्याकडे दवाखान्याचा कागद पावसात नाहीतर चुलीत जातो.

त्यावरून सगळ्यात शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात घाईचं. ऱ्हुमॅटिक फिव्हर झालेल्या मुलांची जिल्ह्याची यादी करा आणि त्यांना असं एक कार्ड द्या जे महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालेल. लसीकरणाचं कार्ड चालतं तसं. वर ठळक अक्षरात पुढच्या इंजेक्शनची तारीख, मागे डॉक्टरसाठी दोन ओळी, मागच्या वेळी रिअ‍ॅक्शन आली नव्हती, अमुक युनिट दिलं, तमुक ठिकाणी दिलं. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही, फक्त एका तालुक्याने दुसऱ्या तालुक्याच्या पोराला आपलं म्हणायचं आहे. साखर कारखान्यांच्या गटांना कळवा, कुठल्या टोळीत असं मूल आहे ते मुकादमाला माहीत असतं. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी तिथल्या विभागाशी बोला.

कारखान्यांचे बॉयलर ऑक्टोबरमध्ये पेटतील. आमच्या गावातून टोळ्या निघायच्या आधी कार्डं हातात पडायला हवीत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत छापून तालुक्याला यायला पाहिजेत. वाटायचं काम आम्ही शिक्षक करू, घरोघर जाऊन करू, त्यासाठी वेगळा भत्ता नको. यादीसाठी माझ्या शाळेतलं पहिलं नाव मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी देऊन ठेवलंय.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका
बीड जिल्हा